टीपीएलओ किंवा टीटीएनंतर कुत्र्याच्या पायाचं हाड मोडलं तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीपीएलओ आणि टीटीए ही कुत्र्याच्या गुडघ्यातलं लिगामेंट (हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारा पट्टा) तुटल्यावर करायची दोन ऑपरेशनं. ऑपरेशन नीट पार पडतं, कुत्रा पाय टेकायला लागतो, घरचे सुटकेचा श्वास सोडतात आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक्स-रेवर हाडाला चीर दिसते. अशा वेळी येणारे प्रश्न खाली एकत्र केले आहेत. सोपे आधी, अवघड नंतर. एखादी गोष्ट दुसरीकडे आली असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. तुटलं होतं लिगामेंट, मग डॉक्टरांनी हाड का कापलं?

कुत्र्याचा मागचा गुडघा उभं असतानाही थोडा वाकलेलाच असतो, आणि नडगीच्या हाडाचा (टायबियाचा) वरचा पृष्ठभाग मागच्या बाजूला उतरता असतो. पाय टेकला की मांडीचं हाड त्या उतारावरून मागे घसरू पाहतं आणि नडगी पुढे सरकते. ती पुढे सरकू नये म्हणून आतलं क्रुसिएट लिगामेंट तिला धरून ठेवतं. ते तुटलं की प्रत्येक पावलाला गुडघा आतून हलतो. नुसतं शिवलेलं लिगामेंट हा भार पेलत नाही, म्हणून उतारच बदलला जातो.

टीपीएलओमध्ये अर्धगोल करवतीने नडगीचा वरचा भाग कापून फिरवतात. बहुतेक कुत्र्यांत २२ ते २६ अंशांच्या आसपास असलेला उतार त्यामुळे ५ अंशांच्या जवळ येतो. हे तंत्र अमेरिकेतल्या ओरेगनमधल्या बार्कले स्लोकम यांनी मांडलं, त्याचं वर्णन १९९३ साली छापून आलं. टीटीए हे २००२ च्या सुमारास झुरिकमध्ये पुढे आलेलं तंत्र. त्यात नडगीच्या पुढचा उंचवटा कापून पुढे ढकलतात आणि मध्ये धातूचा पिंजरा बसवतात.

दोन्हींत लिगामेंटचं काम हाडाच्या नव्या रचनेवर येतं, आणि कापलेलं हाड भरून येईपर्यंत सगळा भार प्लेट आणि स्क्रूंवर असतो. मोडण्याची भीती या मधल्या आठवड्यांत सर्वांत जास्त असते.

२. नेमकं कुठलं हाड मोडतं?

चार जागा लक्षात ठेवा: नडगीचा पुढचा उंचवटा, शेजारचं बारीक हाड म्हणजे फिब्युला, गुडघ्याची वाटी आणि नडगीचा मधला दांडा.

उंचवटा कुठे ते समजून घ्यायचं असेल तर ऑपरेशन न झालेल्या पायावर बघा. गुडघ्याच्या वाटीवरून बोट हळूच खाली न्या. जाड दोरीसारखा ताणलेला कंडरा लागेल. तो जिथे हाडात रुततो, तिथे बोटाला टणक कडा लागते. तोच उंचवटा. ऑपरेशन झालेल्या पायावर दाबून बघू नका.

फिब्युलाचं प्रश्न १० मध्ये, वाटीचं ११ मध्ये, दांड्याचं १२ मध्ये आहे.

३. टीपीएलओनंतर उंचवटा का मोडतो?

मांडीच्या पुढच्या बाजूचे मोठे स्नायू वाटीतून आणि कंडऱ्यातून थेट या उंचवट्याला ओढतात. कुत्रा उठला, उडी मारली, घसरताना सावरला की ही ओढ वर जाते. एरवी उंचवट्याच्या पाठीमागे अख्खी नडगी उभी असते. टीपीएलओनंतर मात्र मागच्या बाजूने काप गेलेला असतो आणि उंचवटा भिंतीच्या पातळ पाखासारखा पुढे उभा राहतो. फिरवलेला तुकडा त्याला मागून टेकू देतो खरा, पण तो जितका जास्त फिरवावा लागतो तितका त्याचा पुढचा काठ खाली उतरतो. कंडरा जिथे रुततो त्या पातळीच्याही खाली तो गेला की टेकू संपतो.

आकड्यांत पाहू. पात्याची त्रिज्या २४ मिमी आहे आणि उतार २५ अंशांवरून ५ वर आणायचा आहे, तर तुकडा सुमारे ८.३ मिमी सरकतो. तोच उतार मुळात ३५ अंश असेल तर सुमारे १२.४ मिमी. म्हणून मूळचाच उतार फार तीव्र असलेल्या कुत्र्यांत जोखीम जास्त, आणि काही वेळा अशा पायासाठी वेगळा काप निवडावा लागतो.

याशिवायची कारणं अशी. काप फार पुढे गेला तर उंचवटा अरुंद राहतो. मोठ्या कुत्र्यात तो साधारण १ सेंटीमीटर तरी रुंद ठेवायचा प्रयत्न असतो. तुकडा तात्पुरता धरून ठेवायला उंचवट्यातून एक पिन घालतात. तिचं छिद्र कंडऱ्याच्या जागेवर किंवा त्याखाली पडलं की चिरेला तिथूनच सुरुवात मिळते. करवत चालताना सलाईनची धार कमी पडली तर उष्णतेने हाडाची कड मरते, आणि हे नुकसान त्या दिवशीच्या एक्स-रेवर दिसत नाही. वजनदार कुत्रा आणि एकाच दिवशी दोन्ही पायांचं ऑपरेशन (प्रश्न १६) हीसुद्धा मोठी कारणं आहेत.

४. म्हणजे चूक डॉक्टरांची की आमची?

बहुतेकदा एकच कारण नसतं. अरुंद उंचवटा असूनही काटेकोर विश्रांतीत तो भरून येतो, आणि उत्तम काप असूनही सोफ्यावरच्या एका उडीने तो मोडू शकतो. तुम्हाला खरंच समजून घ्यायचं असेल तर ऑपरेशनच्या दिवशीचा एक्स-रे आणि आजचा एक्स-रे शेजारी ठेवून डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: उंचवट्याची रुंदी किती होती, पिनचं छिद्र कुठे आहे, तुकडा किती मिलिमीटर फिरवला. ही माहिती मागणं तुमचा हक्क आहे, आणि पुढचं ऑपरेशन ठरवायलाही ती लागतेच.

५. घरी कसं ओळखायचं? लंगडणं तर आधीपासूनच आहे.

लंगडण्याचा कल बघा. सुरळीत चाललेल्या पायात पहिल्या दोन-तीन दिवसांत बोटं टेकायला लागतात, दोन आठवड्यांपर्यंत जवळजवळ प्रत्येक पावलाला पाय खाली येतो आणि पुढे दर आठवड्याला थोडी सुधारणा दिसते. ही रेघ अचानक उलटी फिरली, काल टेकत होता आणि आज उचलून धरतो, तर त्याच दिवशी दाखवा.

उंचवटा मोडला असेल तर गुडघ्याच्या अगदी खाली पुढच्या बाजूला सूज येते, हात लावू देत नाही, बसताना पाय बाजूला टाकतो. दांडा मोडला तर पाय लोंबतो आणि कुत्रा विव्हळतो, ते कुणाच्याही लक्षात येतं.

पण फसवणारी गोष्ट अशी की न सरकलेली चीर बऱ्याचदा काहीच लक्षण दाखवत नाही. कुत्रा शेपटी हलवत दारात येतो आणि ठरलेल्या एक्स-रेत चीर सापडते. म्हणून ‘चांगला चालतोय, एक्स-रे कशाला’ असं म्हणून तपासणी टाळू नका.

अचानक लंगडण्याची दोन वेगळी कारणंही असतात. एक मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली कूर्चेची चकती फाटणं: चालताना कधीकधी ‘कट’ असा आवाज येतो आणि एक्स-रेत काही दिसत नाही. दुसरं जंतुसंसर्ग: जखम लाल, गरम, तिच्यातून पाणी किंवा पू, कुत्रा मरगळलेला. संसर्गाने स्क्रू सैल होतात आणि त्यातून हाड मोडूही शकतं, त्यामुळे एक सापडलं म्हणून दुसरं नाही असं धरू नका.

६. आत्ता रात्रीचे अकरा वाजलेत आणि पाय लोंबतोय. काय करू?

कुत्र्याला चालवू नका. लहान असेल तर उचला, मोठा असेल तर जाड चादरीवर किंवा फळीवर आडवा करून दोघांनी न्या. थोडं चालणं टळतच नसेल तर पोटाखालून, मागच्या पायांच्या पुढून टॉवेल घालून मागचा भार स्वतःच्या हातात घ्या. दुखत असताना प्रेमळ कुत्राही चावतो. श्वास नीट चालत असेल आणि उलट्या होत नसतील तर तोंडाला सैलसर मऊ पट्टी बांधा.

गुडघ्याला घरी बँडेज बांधू नका. मोडलेल्या जागेच्या वरचा सांधा त्यात अडकवता येत नाही. बँडेज घसरून खाली येतं आणि त्याच्या वजनाने मोडलेलं टोक आणखी हिसके खातं. कापडात गुंडाळलेला बर्फ १० मिनिटं चालेल. घरातली माणसांची गोळी अजिबात देऊ नका (प्रश्न १३). भूल द्यावी लागू शकते, म्हणून फोनवर डॉक्टर सांगतील तोवर खायला घालू नका, पाणी चालेल.

७. कोणते एक्स-रे काढायचे?

निदान दोन: एक बाजूने, एक समोरून. बाजूच्या एक्स-रेत गुडघा आणि घोटा दोन्ही ९० अंशांत ठेवलेले असले तरच आधीच्या चित्राशी तुलना होते. चित्रात वाटीपासून घोट्यापर्यंत सगळं यायला हवं; नुसता गुडघा धरला तर प्लेटच्या खालच्या टोकाशी असलेली चीर सुटते. पाय दुखत असेल तर गुंगीचं औषध लागतं, त्याला घाबरू नका. मोबाईलने काढलेला फिल्मचा फोटो दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला पुरत नाही, मूळ डिजिटल फाइल मागून घ्या.

८. उंचवट्याला चीर आहे, पण कुत्रा चालतो. पुन्हा ऑपरेशन करायलाच हवं का?

बऱ्याचदा नाही. सर्वांत जास्त घबराट या बातमीने होते, म्हणून नीट सांगतो.

तुकडा जागेवर आहे किंवा अगदी थोडा सरकलाय, वाटी आपल्या उंचीवर आहे, प्लेट-स्क्रू घट्ट आहेत आणि कुत्रा पाय टेकतोय, असं असेल तर कडक विश्रांती आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे एवढ्यावर भागतं. उंचवटा कधीकधी थोडा तिरका जुळतो, पण पाय चांगला चालतो.

तुकडा वर ओढला गेलाय, त्याच्यासोबत वाटीही वर चढलीय, कुत्रा गुडघा ताठ करू शकत नाही किंवा दुसऱ्या एक्स-रेत अंतर वाढलंय, तर थांबू नये. स्नायूंची ओढ रोज चालू असते, आणि स्नायू आखडल्यावर तुकडा खाली आणणं अवघड होत जातं.

विश्रांती म्हणजे वेळापत्रक पुन्हा पहिल्या दिवसावर (प्रश्न १५). सहा आठवडे झाले होते म्हणून आता दोनच उरले, असा हिशेब धरू नका.

९. दुसऱ्या ऑपरेशनमध्ये काय करतात?

तुकडा खाली आणून त्यातून दोन बारीक पिना नडगीत घालतात आणि ऑर्थोपेडिक तार इंग्रजी आठच्या आकारात पुढून आवळतात. तारेची जाडी मोठ्या कुत्र्यात साधारण १ मिमी किंवा थोडी जास्त. रचना अशी की स्नायू वर ओढतात तेव्हा तीच ओढ तुकड्याला मागच्या हाडावर दाबते. म्हणून हाड भरून येतं. पिनांची टोकं पुढे कातडीखाली टोचू लागली तर हाड जुळल्यावर काढता येतात.

१०. रिपोर्टमध्ये ‘फिब्युला फ्रॅक्चर’ लिहिलंय.

एकटाच असेल तर सहसा आपोआप जुळतो, वेगळं ऑपरेशन लागत नाही. जास्त अंश फिरवलेल्या आणि जड कुत्र्यांत तो दिसतो. मात्र डॉक्टरांना एक गोष्ट मोजायला सांगा: नडगीचा उतार ऑपरेशननंतर होता तेवढाच आहे ना? फिब्युला मोडणं कधीकधी वरचा तुकडा मागे ढळत असल्याची खूण असते. उतार वाढत असेल तर लक्ष फिब्युलाकडे नको, प्लेटकडे हवं.

११. वाटी मोडली तर?

टीपीएलओनंतर कंडरा बहुतेक कुत्र्यांत काही काळ जाड होतो आणि वाटीवरचा ताण बदलतो. न सरकलेली चीर असेल तर विश्रांती. दोन तुकडे वेगळे झाले असतील आणि गुडघा ताठ होत नसेल तर पिन आणि तार.

१२. नडगीचा दांडाच मोडलाय. विश्रांतीने जुळेल?

नाही. इथे थांबण्यात काही हशील नाही. रेघ बहुतेकदा प्लेटच्या शेवटच्या स्क्रूमधून, रिकाम्या राहिलेल्या छिद्रातून किंवा कापताना बसवलेल्या चौकटीच्या खालच्या पिनेच्या जागेवरून जाते. गोल छिद्राभोवती ताण एकवटतो. छिद्र हाडाच्या जाडीच्या ४० टक्क्यांहून मोठं असेल तर हाड लक्षणीय कमकुवत होतं. लांब प्लेट, गरजेनुसार दुसऱ्या बाजूने आणखी एक प्लेट, आणि मधल्या जागेत कुत्र्याच्याच खांद्याच्या हाडातून काढलेला भुसभुशीत अस्थिमगज, असं पुनर्बांधणीचं ऑपरेशन होतं. ज्यांच्याकडे लांब लॉकिंग प्लेटचा (जिच्यात स्क्रू प्लेटलाच आवळून बसतात) पूर्ण संच आहे अशाच ठिकाणी जा.

१३. दुखण्यासाठी माणसांची गोळी चालेल का?

नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात आणि किडनी निकामी होऊ शकते. मेलॉक्सिकॅम कुत्र्यांना देतात हे खरं, पण पहिल्या दिवसानंतर किलोमागे ०.१ मिग्रॅ. २० किलोच्या कुत्र्याला २ मिग्रॅ, तर मेडिकलमधली माणसांची गोळी ७.५ किंवा १५ मिग्रॅची असते. या गटातलं वेदनाशामक आणि स्टेरॉइड एकत्र कधीही नको. गॅबापेंटिनचं माणसांचं पातळ औषध असेल तर त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) नाही ना, ते लेबलवर वाचा. ते कुत्र्याला विष आहे.

१४. कॅल्शियम, हळदीचं दूध, कांडवेल दिली तर हाड लवकर जुळेल?

तयार संतुलित खाद्य खाणाऱ्या कुत्र्याला वरून कॅल्शियम लागत नाही, त्याने हाड लवकर जुळतही नाही. पण आपल्याकडे कितीतरी कुत्री वर्षानुवर्षं फक्त चिकन-भात किंवा दूध-पोळीवर असतात. हाडांशिवायच्या चिकन-भातात कॅल्शियम फार कमी आणि फॉस्फरस त्यामानाने जास्त असतं. असा आहार असेल तर ऑपरेशनच्या आधीच सांगा, म्हणजे डॉक्टर मोजून तो दुरुस्त करतील. कांडवेलीचा कुत्र्यांसाठीचा ठरलेला डोस नाही, देऊ नका. जखमेवर हळदीचा लेपही नको, कुत्रा तो चाटतो आणि टाके उघडतात.

१५. आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, लिफ्ट नाही. आठ आठवडे सांभाळायचं कसं?

जागा: उभं राहता येईल, वळता येईल, आडवं होता येईल एवढीच. लॅब्राडोरला साधारण ४ बाय ३ फूट. पिंजरा नसेल तर खोलीचा कोपरा अडवा, पण सोफा आणि पलंग त्या बाहेर.

फरशी: गुळगुळीत टाइल्सवर मागचे पाय फाकणं हेच उंचवटा मोडण्याचं नेहमीचं निमित्त. दारापासून भांड्यापर्यंतच्या वाटेवर रबरी मॅट टाका. प्लास्टिकची चटई किंवा मोकळी सतरंजी स्वतःच घसरते, ती नको. पंज्यांमधले केस आणि नखं कापून घ्या.

फिरणं: पहिले दोन आठवडे शी-शूपुरतं, ५ मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात १० मिनिटं. पाचव्यापासून आठव्यापर्यंत १५-२० मिनिटं, सपाट रस्त्यावर, हळू. पट्टा आखूड हवा, आपोआप लांबणारा नको. जिन्यावर लहान कुत्र्याला उचला; जड कुत्र्याच्या पोटाखाली पट्टा घालून एकेक पायरी.

खाणं: कमी हालचालीत वजन वाढतं. सुमारे पाव हिस्सा कमी करण्याबद्दल डॉक्टरांशी बोला.

आणि फटाके. घाबरलेलं कुत्रं दार दिसेल तिथे धडक मारतं. दिवाळी किंवा विसर्जनाची मिरवणूक या आठ आठवड्यांत येत असेल तर शांत ठेवण्याची औषधं आधीच लिहून घ्या आणि त्या आधी एकदा देऊन परिणाम बघा. तारीख निवडायची मोकळीक असेल तर ऑपरेशन दिवाळीनंतरच घेतलेलं बरं.

१६. दोन्ही पायांचं एकाच वेळी करावं का?

एका पायाचं लिगामेंट गेलेल्या कुत्र्यांपैकी जवळपास निम्म्यांचं पुढे दुसऱ्याचंही जातं, म्हणून हा प्रश्न खरा आहे. एक भूल, एक विश्रांती, खर्चही कमी. पण दुखरा पाय उचलून धरण्याची सोय उरत नाही, दोन्ही उंचवट्यांवर पहिल्या दिवसापासून पूर्ण भार येतो आणि ते मोडण्याची शक्यता वाढते. कुत्रा जड असेल, उतार तीव्र असेल किंवा घरी पूर्णवेळ माणूस नसेल तर मध्ये ८ ते १२ आठवडे जाऊ द्यावेत असं आमचं स्पष्ट मत.

१७. आमचं टीटीए झालंय. वरचं सगळं लागू होतं का?

लक्षणं, प्राथमिक काळजी आणि विश्रांती तीच. फरक असा की टीटीएत उंचवटाच कापलेला असतो, त्यामुळे तो सरकला तर सुधारलेला कोनही बिघडतो आणि गुडघा पुन्हा अस्थिर होतो. शिवाय कापाच्या खालच्या टोकाशी सुरू झालेली चीर नडगीच्या दांड्यात उतरू शकते. म्हणून इथे ‘थोडंसंच सरकलंय’ यावर लवकर समाधान मानू नका. उंचवटा खालून हाडालाच जोडलेला ठेवणाऱ्या प्रकारांत त्या जोडाला बारीक चीर जाणं बऱ्यापैकी आढळतं. अंतर वाढत नसेल तर ती भरून येते.

१८. सात महिन्यांच्या पिल्लाचं, किंवा कुशिंग्ज (शरीरातच स्टेरॉइड जास्त तयार होण्याचा आजार) असलेल्या म्हाताऱ्या कुत्रीचं ऑपरेशन करता येतं?

पिल्लात उंचवट्याजवळची वाढीची रेघ उघडी असते; मोठ्या जातींत ती बंद व्हायला वर्षभर लागू शकतं. त्या आधी नेहमीचा टीपीएलओ काप घेतला तर वाढ बिघडते आणि उंचवटा रेघेतूनच सुटू शकतो. वयाप्रमाणे वेगळं तंत्र निवडतात.

कुशिंग्जमध्ये किंवा महिनोन्‌महिने स्टेरॉइडवर असलेल्या कुत्र्यात जखम आणि हाड दोन्ही सावकाश भरतात, संसर्गही लवकर होतो. आजार आधी आटोक्यात आणायचा, मग ऑपरेशन.

१९. सगळं नीट झालं होतं. आता चार वर्षांनी त्याच पायाने लंगडतोय. जुनी प्लेट मोडली असेल का?

इतक्या उशिरा प्लेट मोडणं क्वचितच. हाड कधीच जुळलेलं असतं. जास्त शक्यता सांधेदुखीची, मेनिस्कसची किंवा धातूवर दबून राहिलेल्या संसर्गाची. संसर्ग असेल तर प्लेट काढल्यावरच तो पूर्ण जातो. पण नडगीच्या वरच्या टोकाला, प्लेटच्या आसपास, हाडाचा कर्करोग झाल्याची उदाहरणंही आहेत. तो हाड आतून पोखरतो आणि किरकोळ निमित्ताने ते मोडतं. लंगडणं दोन आठवड्यांत कमी झालं नाही, रात्री दुखतंय किंवा प्लेटच्या जागी टणक सूज आहे, तर लगेच एक्स-रे काढा. हाड कुरतडल्यासारखं दिसलं तर आधी सुईने नमुना तपासून घ्या, आणि निदान हाती येईपर्यंत कुत्र्याला उड्या मारू देऊ नका.